अहरोनाची राहिलेली गोष्ट

प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा पाळकांच्या बोटांत होता आणि काही केल्या तोंडाकडे जात नव्हता.

या मंडळीची रीत अशी, की पाळकांनी आधी खायचं, मग बाकीच्यांनी. त्यामुळे सगळं चर्च तळहातावर तुकडा घेऊन खोळंबलं होतं. तुकडे आज वेडेवाकडे होते. एरवी शनिवारी संध्याकाळी पाळकांची मुलगी भाकर कापायची, अगदी पट्टी लावल्यासारखी. रविवारी ऑर्गनही तीच वाजवायची. आईविना वाढलेली एकुलती एक पोर, बापावर सारखी डाफरणारी. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गुरुवारी तिला माती दिली. काल भाकर पाळकांनी स्वतः कापली. ऑर्गनचं झाकण आज कुणी उघडलं नव्हतं. स्टुलावर तिची शाल तशीच पडून होती.

शेजारी उभे असलेले चर्चचे सेक्रेटरी खाकरले. हे निवृत्त मुख्याध्यापक. प्रवचन लांबलं की घड्याळ काढून कानाला लावायचे. आज मात्र त्यांचा आवाज मऊ होता.

"पाळकसाहेब, घ्या ना. लोक थांबलेत."

पाळकांचा हात हनुवटीपर्यंत गेला आणि परत खाली आला.

"तुम्हीच असे कोलमडलात तर आम्ही कुणाकडे बघायचं?" सेक्रेटरी कुजबुजले. "अहरोनाचं तुम्हीच सांगितलं होतं ना आम्हाला?"

सांगितलं होतं खरं. तीन वर्षांपूर्वी, इथेच. पोहायला गेलेला शिवणताईचा मुलगा शवपेटीतून या दारात आला होता. शिवणताई म्हणजे निम्म्या मंडळीचे कपडे शिवणारी बाई. बोलायला लागली की शिवणयंत्रालाही मागे टाकणारी. त्या दिवशीचा तिचा हंबरडा ऐकवत नव्हता. पाळक तिच्यापाशी वाकून म्हणाले होते, "ताई, अहरोन देवाचा याजक होता. त्याचे दोन मुलगे एकाच दिवशी गेले. पण तो गप्प राहिला. देवावर भरवसा आहे ना आपला? मग असं रडू नये." आणि शिवणताई गप्प झाली. ती जी गप्प झाली ती कायमचीच. दर रविवारी तिसऱ्या बाकावर येऊन बसायची, भाकर खायची आणि घरी जायची. विश्वास असावा तर असा, असं सेक्रेटरी सभेत सांगायचे. पाळकांनाही मनातून आपल्या त्या शब्दांचा अभिमान होता.

"अर्धंच सांगितलं मी," पाळक म्हणाले.

ते सेक्रेटरींशी बोलत होते, पण चर्च इतकं शांत होतं की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"बायबलच्या त्याच अध्यायात पुढे आहे. त्या दिवशी याजकांनी अर्पणाचं मांस खायचं होतं. नियमच होता तसा. अहरोनाने नाही खाल्लं. मोशे, त्याचा भाऊ, संतापला. तेव्हा अहरोन बोलला. म्हणाला, आज माझ्यावर हे असं गुदरलं. अशात मी जेवलो असतो, तर देवाला ते बरं वाटलं असतं का?"

"मग?" सेक्रेटरी विसरून गेले की उपासना चालू आहे.

"मग काय. मोशेला पटलं." पाळकांचा आवाज चिरकला. "एवढा भाग मी कधी वाचून दाखवला नाही. म्हटलं, लोक ढिले पडतील. खरं सांगू? ताईचं रडणं मलाच सोसत नव्हतं. ते बंद व्हावं, एवढंच मला हवं होतं."

त्यांनी तुकडा ताटात परत ठेवला.

"मला नाही उतरत हो घशाखाली," ते म्हणाले. "माझी पोर गेली."

मग तिसऱ्या बाकावर शिवणताईने हातातला तुकडा अलगद बाजूला ठेवला, आणि तीन वर्षांपूर्वी जिथे तोडला होता, तिथूनच तिचा हंबरडा पुन्हा सुरू झाला.