ताबा

बंकटनं भिवराच्या कानाखाली दुसरी वाजवली आणि मग तिच्या हातात कोयता दिला.

"मॅडमची गाडी यील आता. ऊस तोडताना दिसायचं. नवऱ्यासंगट सुखात हाय म्हणायचं. कळलं का?"

भिवरानं ओठाचं रक्त पदरानं टिपलं आणि मान हलवली.

गेवराईच्या पुढं, गोदावरीच्या काठाला तेवढाच उसाचा फड उभा होता. बाकी शिवार दुष्काळानं करपलेलं. कारखान्याला ऊसतोडीला जोडपं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून मागच्या दिवाळीत मुकादमानं घाईघाईनं तिचं बंकटशी लग्न लावून दिलं. धाकटी सावित्री भाकरी थापायला म्हणून सोबत आली. ऊस नसल्यानं महिन्याभरात कारखाना बंद पडला, आणि या भल्या नवऱ्यानं दोघी बहिणींना हायवेवरच्या लॉजवर विकलं.

छापा पडला तेव्हा भिवरा सुटली. सावित्रीला मात्र बंकटनं तासभर आधीच मागच्या दारानं हलवलं होतं. ती कुठं आहे, हे त्या एका मेल्यालाच ठाऊक. भिवरानं त्याचं नाव पोलिसांना ओरडून सांगितलं. गुन्हा लॉजवाल्यावर नोंदला गेला. बंकटचं नाव कागदावर उतरलंच नाही.

कायद्यात लिहिलेलं, सोडवलेली बाई घरच्यांच्या ताब्यात द्यायची. बंकट लग्नाचा फोटो घेऊन कोर्टात हजर! साहेबांनी विचारलं, "नवऱ्याबरोबर जायचं का?" भिवरा म्हणाली, "जाते." तोवर तिला ठेवलेल्या सुधारगृहाच्या मॅडमनी कपाळाला हात लावला. हिला मार खायची सवयच लागली, असं त्यांना वाटलं. आठवड्यानं बघायला येईन, एवढंच त्या म्हणाल्या.

आज आठवडा झाला होता.

"नीट धर की," बंकट हसला. "बाईनं मोळी बांधावी. तोडणं तुमचं काम न्हाई. आज नुसतं दाखवायला धर."

तो बिडी पेटवायला खाली वाकला. भिवरानं कोयता उचलला आणि त्याच्या पोटरीवर घातला.

बंकट गुरासारखा ओरडत कोसळला. उठायच्या आत तिनं त्याच्या पाठीत गुडघा रोवला, उसाच्या वाढ्यांना, त्या हिरव्या शेंड्यांना, पीळ दिला आणि हात मागं बांधले. लहानपणापासून तिनं हजारो मोळ्या बांधल्या होत्या. तिची गाठ कधी सुटली नव्हती.

"सावित्री कुठं हाय? सांग."

आजवर ती त्याला अहो म्हणत आली होती.

त्यानं आईवरून शिवी दिली. कोयता पुन्हा खाली आला. दोन बोटं उसाच्या वाळल्या पाचटात पडली.

"सिरसाळ्याला!" तो रडत किंचाळला. "बाजाराच्या मागं... निळ्या पत्र्याची खोली... मारू नगं!"

गाडी आली तेव्हा भिवरा बांधावर बसून होती. मॅडमबरोबरच्या हवालदाराला तिनं आधी पत्ता सांगितला, दोनदा सांगितला. त्यानं फोन लावल्यावरच कोयता खाली ठेवला.

मॅडमनी रक्ताकडं बघितलं. "अगं, मग त्या दिवशी कोर्टात याच्याबरोबर जाते असं का म्हणालीस?"

"मला समद्यांनी इचारलं, मॅडम, नवऱ्यासंगट जाती का. सावित्री कुठं हाय, हे ह्याला कुणीच इचारलं न्हाई. तेवढं इचारायला आलते."