राजाच्या मानेवरची रेघ

कर्र.

टेबलावरच्या दिव्याची मान करकरली आणि दुपारच्या शांततेत पलंगावरचा एक इवलासा पाय हलला. आई श्वास रोखून उभी राहिली. पाय पुन्हा निजला. दिवा एरवी टेबलाच्या डावीकडे असायचा, पण तिथून त्याचा झोत थेट लेकीच्या तोंडावर पडत होता. म्हणून तिने तो उचलून उजवीकडे ठेवला, मान वळवली, आणि लेक उठायच्या आत भिंग डोळ्याला लावलं.

भिंगाखाली एक राजा होता. चांदीचा, जुना, नाक झिजलेला. त्याच्या कानामागून निघालेली बारीक रेघ मान ओलांडून नाण्याच्या काठापर्यंत गेली होती. सगळं घर त्या रेघेवर अडलं होतं.

रेघ उंच असेल, तर नाणी पाडणाऱ्या पोलादी ठशालाच तडा गेला असणार आणि चांदी त्या तड्यात शिरून वर आली असणार. तशी नाणी फार म्हणजे फारच थोडी. रेघ खोल असेल, तर मात्र तो नुसता ओरखडा. कुणाच्या तरी खिशातल्या किल्लीचा.

भंगाराच्या डब्यातून हे नाणं उचललं त्या दिवसापासून सासरे त्याला तडाच म्हणत आले होते. त्यांचे दोस्त, दातांचे डॉक्टर, तितकीच वर्षं म्हणत होते, "तुझ्या राजाला न्हाव्याने दाढी करताना कापलंय." आज संध्याकाळी डॉक्टर यायचे होते. सासऱ्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांना भिंग वर्ज्य. मग त्यांनी दोस्ताला फोनवर सांगूनच टाकलं होतं, "सूनबाई सांगेल ते खरं. त्यानंतर वाद बंद." भिंग धरायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

बोट फिरवलं असतं तर झटक्यात कळलं असतं. पण नाण्याच्या चेहऱ्याला बोट लावायचं नाही, कडेनेच धरायचं, हा घरचा कायदा. तिने दातांत जीभ धरली आणि पाहिलं. खोल. पुन्हा पाहिलं. खोलच.

ती नाणं घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. सासरे काळा चष्मा लावून रेडिओ ऐकत असल्याचं नाटक करत होते. रेडिओ बंद होता.

"बाबा, ओरखडा आहे."

"नक्की?"

"खोल आहे हो. दोनदा पाहिलं."

"चला, सुटलो," ते म्हणाले, आणि हसले, पण जरा उशिराच. "इतकी वर्षं एका जखमी माणसाला उगाच खानदानी म्हणत बसलो."

तेवढ्यात लेक डोळे चोळत, कापडी अस्वल फरफटत आली.

"खारूताई, हात पुढे कर," सासरे नातीला म्हणाले. "हा राजा आजपासून तुझा."

"बाबा, अहो, पण..."

"असू दे गं. डॉक्टरला सांगेन, राजाने गादी सोडली."

लेकीने राजाला टेबलावर नेलं. अस्वलाला शेजारी बसवलं, नाण्यावर कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागली. अस्वल कलंडलं. "हलू नकोस!" ती कडाडली. "दोन मिनिटं म्हणून काम करू देत नाहीस मला!"

बाहेर सासरे मोठ्यांदा खाकरले. आईने पडदा सारखा करायला घेतला. तो सारखाच होता.

लेकीने दातांत जीभ धरली. कागदावर मुकुट आला, झिजकं नाक आलं, कान आला.

"आई, याच्या मानेवर काळा दोरा आहे."

आईचा हात पडद्यावरच राहिला. कागदाखाली जे उंच असतं तेच पेन्सिलीला लागतं. खोल असतं ते पांढरं राहतं. तिने कागद बाजूला सारला आणि झडप घालून भिंग उचललं. भिंगात रेघ अजूनही खोल! आणि मग तिचं लक्ष दिव्याकडे गेलं.

उजवीकडे. सासऱ्यांचा पहिलाच धडा होता, दिवा नेहमी डावीकडे. डोळ्याला त्याच बाजूच्या उजेडाची सवय होते. उजेड उलट बाजूने आला की त्याला डोंगराच्या जागी दरी दिसते.

तिने दिवा डावीकडे आणला. कर्र. राजाच्या मानेवर रेघ टरारून वर आली.

"बाबा! दिवा उजवीकडे होता!"

सासरे इतक्या घाईने आत आले की चष्मा नाकावर लोंबायला लागला. "अगं बये! उजवीकडे कशाला नेलास?"

"हिच्या तोंडावर उजेड येत होता."

"हां," ते एकदम मवाळ झाले. "मग बरोबर केलंस." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर दोस्ताच्या नावाचं हसू पसरलं. "डॉक्टरला आल्याआल्या सांगू नकोस हं. आधी चहा पिऊन पोटभर फुशारकी मारू दे त्याला. खारूताई, राजा परत देतेस का?"

लेकीने राजा उचलून मूठ मिटली. "आधी सांगा, रेघ कुणी काढली?"

"कुणीच नाही. ठसा म्हणजे या नाण्यांची आई. कामाच्या रगाड्यात तिला कधीतरी तडा गेला. मग त्यानंतरच्या तिच्या सगळ्या लेकरांवर ती रेघ उमटली."

"त्यांना दुखलं?"

"छे! त्या रेघेमुळेच तर ती लाखमोलाची."

लेकीने जरा विचार केला. राजा आजोबांच्या हातावर ठेवला. मग ती खुर्चीवर चढली, दिवा डावीकडूनच आपल्या तोंडावर ओढला, भिंग आईच्या हातात दिलं आणि हनुवटी वर केली.

"बघ ना आई, माझ्यावर तुझी कुठली रेघ आली?"