चार महिन्यांनी आलेलं पार्सल

चर्चच्या पाळकसाहेबांची बायको वारली, त्यानंतर चार महिन्यांनी मुलगी तिचं कपाट आवरायला आली. दार उघडताच किमतीची लेबलंही न काढलेले ड्रेस अंगावर कोसळले. पलंगाखाली न उघडलेली खोकी निघाली.

"पप्पा, मम्मीचं हे तुम्हाला माहीत होतं?"

"ती स्वतःच बोलली होती. म्हणाली, खरेदी माझ्याच्यानं थांबतच नाही हो, भीती वाटते." पाळकसाहेब पलंगाच्या कडेला टेकले. "मी म्हटलं, प्रार्थना कर आणि मंडळीत कुणाला कळू देऊ नकोस. वर त्याच रविवारी लोभावर उपदेश दिला. पहिल्या बाकावर मान खाली घालून बसली होती बिचारी."

तेवढ्यात बेल वाजली. मुलीनं दारातून पार्सल आणून उघडलं. आत मम्मीच्या मापाचा निळा ड्रेस होता.

"मम्मीची ऑर्डर आत्ता येतेय? इतक्या महिन्यांनी?"



"तिची नाही, माझी आहे," पाळकसाहेब म्हणाले आणि ड्रेस हँगरला लावू लागले. "पार्सल आलं नाही की घर खायला उठतं गं."