रेडियस पाच

शहरात द्वारका चौकाजवळच्या क्लासमध्ये माझा पहिलाच आठवडा. सरांनी फळ्यावर वर्तुळाचं समीकरण लिहिलं, x² + y² − 4x − 2y + 20 = 0, आणि सेंटर, रेडियस काढायला सांगितलं. माझी दुसरी ओळ लिहून व्हायच्या आत सगळ्यांचे हात वर. "सेंटर दोन, एक. रेडियस पाच."

"संजना, तुझं काय आलं?"

"सर, रेडियसचा वर्ग मायनस पंधरा येतोय. हे वर्तुळच होत नाही."

वर्ग हसला. "पुन्हा कर," सर म्हणाले. पुन्हा केलं, पुन्हा मायनस पंधरा. चार आणि एक पाच, त्यातून वीस गेले; यात चुकायला जागा तरी कुठे होती? मी फळ्याकडे बोट दाखवलं, तर सर वैतागले. "तिकडे काय दाखवतेस, वहीत बघ. अख्ख्या वर्गाला जमतं ते तुला जमत नाही. नांदगावला असंच शिकवतात का? उद्यापासून बेसिक बॅचला बस." आणि मागे वळूनही न बघता त्यांनी फळ्यावर डस्टर फिरवलं.

माझं डोकं फिरलं. क्लास सुटल्यावर शेजारच्या पिंकीला धरलं. "बाई, एकदा सांग मला, तुला पाच कुठून आले?"

"सर दरवर्षी हेच गणित देतात. वीसच्या आधी मायनस असतो, आज चुकून प्लस लिहिला त्यांनी," दप्तर भरत ती म्हणाली. "आणि पाच मला कुठे आले? दादाला आले होते."