मझौलीचा फाटा

"गाडी बनू दे, मग मझौलीला, तुझ्या माहेरी जाऊ," असं बाबाराव बायकोला वर्षानुवर्षं सांगत राहिले.

खमरियातल्या सरकारी क्वार्टरसमोर विटांवर चढवलेल्या त्या जुन्या विलायती मोटारीत बसून इंदू काच उतरवायची आणि हसायची, "पोचलो ना जी?"

गाडी चालू झाली, तेव्हा इंदू नव्हती.

गाडीला दोन्ही बाजूंना इंडिकेटरचे छोटे हात होते, वळताना बाहेर येणारे. मझौलीच्या फाट्यावर डावा हात आपोआप बाहेर यायचा. बाबारावांनी वायर काढून टाकली, तरी आला.

आज त्यांनी गाडी तिकडेच वळवली. "जाऊन राहिलो ना, इंदू," ते पुटपुटले.

हात मिटला.

मग शेजारच्या रिकाम्या सीटपाशी काच उतरवायचं हँडल हळूहळू फिरू लागलं.