टिकाऊ वाण

“ताई, याला वास आहे,” हौसाबाई म्हणाल्या.

“मग उपटा. वासाचं फूल फुलदाणीत टिकत नाही.”

शेकडो गुलाबरोपांतून रेवती नवा वाण निवडत होती. दयामाया दाखवून वाण निघत नसतो. ‘टिकली नाही गं पोर,’ रेवतीच्या लेकीचा पाळणा उतरवताना सासूबाईही एवढंच म्हणाल्या होत्या.

पुढच्या रोपाचं फूल तिनं नाकाशी नेलं आणि तिचा हात थबकला. हा गुलाबाचा वास नव्हता. वेखंडाचा होता, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या तान्ह्या बाळाच्या टाळूचा.

हौसाबाईंनीही हुंगलं. “याला तर कसलाच वास नाही, ताई.”

टोपड्याचे बंद बांधावेत तशा हलक्या हातानं रेवतीनं त्या रोपाला निवडीची फीत बांधली आणि ती पुटपुटली, “ही टिकेल.”