एका मताचा प्रश्न

"माझी एकोणीस, वीणाची एकोणीस." अमृतानं वहीचं शेवटचं पान शमिकासमोर धरलं. "एकेक बाक मोजून काढलाय."

दहावीच्या वर्गात अडतीस मुली होत्या आणि मधल्या सुट्टीनंतर त्या आपल्यातूनच शाळेची लीडर निवडणार होत्या. राजाजीनगरातल्या या मुलींच्या शाळेत लीडर म्हणजे साधी गोष्ट नव्हे. रोज सकाळी सातशे जणींसमोर उभं राहायचं, पंधरा ऑगस्टला संचलनात सगळ्यांच्या पुढे चालायचं. आठवीत पुण्याहून आल्या दिवसापासून अमृताला हे हवं होतं, आणि हवं ते न मिळण्याची तिला सवय नव्हती.

"टाय झाला तर सर चिठ्ठी टाकतात हं," शमिका म्हणाली. "मग सगळं लकवर."

"लकवर मी काही सोडत नाही. एका मताचा तर प्रश्न आहे. होईल मॅनेज."

शमिकाला तिचं कौतुक वाटलं. आत्मविश्वास असावा तर असा.

समोरची उमेदवार वीणा अमृताच्याच बाकावर बसायची. निपाणीकडची. अमृताला कन्नड शिकवलं ते हिनंच. इतकंच काय, अमृताचं कालचं प्रचाराचं कन्नड भाषणही हिनंच तपासून दिलं होतं. निवडणुकीत इतकं भोळं कुणी असतं का? पण वीणा तशीच होती, आणि अमृताचा तिच्यावर खरोखर जीव होता.

सुट्टी संपली. गणिताचे शेषगिरी सर खडूचा रिकामा डबा घेऊन आले. मुलींनी चिठ्ठीवर नाव लिहायचं, घडी करायची, डब्यात टाकायची. उमेदवार मुली सगळ्यांत शेवटी उठतात आणि एकमेकींना मत देतात, अशी या शाळेची जुनी रीत. कुठे लिहून ठेवलेली नाही, पण प्रत्येक वर्गाला ती आधीच्या वर्गाकडून कळते. मुलींना तिचा मोठा अभिमान.

"मला देणार न्हवं?" वीणानं उठता उठता हसून विचारलं.

"हा काय प्रश्न झाला?" अमृतानं तिच्या पाठीवर थाप मारली.

दोघींनी चिठ्ठ्या टाकल्या. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

सर मोठ्यानं वाचू लागले. पहिलं मत अमृता. दुसरं अमृता. पाचवं, सहावं, दहावं, सगळी अमृता. शमिकानं मागून तिला चिमटा काढला. पंधरा झाली, वीस झाली. आता हिशोब चुकला होता, पण चुकला तो फायद्यात. अमृताची मान ताठ झाली.

"अगं, हे कसं काय?" ती कुजबुजली.

"मीच सांगितलं की मागच्या बाकांवरच्यांना," वीणा म्हणाली. "सगळ्यांना. स्टेजवर माझे पाय लटपटतात. शाळेला तूच पायजेस."

"मग उभी कशाला राहिलीस?"

"सर म्हणाले, एकटीच असली तर निवडणूक कसली? म्हणून नाव दिलं." वीणा आणखी जवळ सरकली. तिचे डोळे चमकत होते. "मला एकच मत पडणार बघ. तुझं. ती चिठ्ठी मी सरांकडनं मागून घेणार. दहावीची आठवण म्हणून."

अमृताच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ती वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

तीस. बत्तीस. प्रत्येक नावाला वर्ग आता एका सुरात ओरडत होता. सगळ्यांत मोठा आवाज वीणाचा होता. पस्तीस झाली तेव्हा तिनं अमृताचा हात घट्ट धरला. छत्तीस. सदतीस.

"आता माझं," वीणा म्हणाली.

सरांनी डब्यातली शेवटची चिठ्ठी उलगडली, चष्मा कपाळावर चढवून ती पुन्हा एकदा पाहिली, आणि वाचलं, "अमृता."